लाल दिवा लागला तर उठायचं कुणी?

भाईंदरची खाडी ओलांडून गाडी नायगावला आली की टेलिफोनचा मुलूख बदलतो. खाडीच्या मुंबईकडच्या बाजूला ०२२, इकडे ०२५०. तिकडे बरीच वर्षं महानगर टेलिफोन निगम, इकडे आधी दूरसंचार खातं आणि १ ऑक्टोबर २००० पासून भारत संचार निगम. एकाच लोकलनं रोज जाणारीयेणारी माणसं, पण तेव्हा दादरच्या बहिणीला फोन लावायचा तर एसटीडी करावा लागायचा! पुढे २००९ मध्ये वसई-विरार महापालिका झाली, २०१४ मध्ये पालघर जिल्हा झाला, कोड मात्र तोच राहिला. आता तांब्याच्या तारा जवळपास विसरल्या गेल्यात. नालासोपाऱ्याच्या इमारतींमधून, आगाशी-अर्नाळ्याच्या नारळांवरून फायबरच्या काळ्या वायरी लोंबतात, आणि घरोघरी त्यांच्या टोकाला एक पांढरा डबा असतो.

आमच्याकडे भांडण त्या डब्यावरून आहे. मी या घरचा भाचेजावई, त्यामुळे माझं काम ऐकायचं. मामांची उमेद टेलिफोन खात्यात केबलचे जॉइंट मारण्यात गेली. २०२० च्या जानेवारीअखेर भारत संचार निगमच्या ७८ हजारांहून अधिक कर्मचाऱ्यांनी एकदम स्वेच्छानिवृत्ती घेतली, त्यांतले ते एक. भाची अंधेरीला एका कंपनीत नेटवर्क सांभाळते. साधारण अंदाज असा होईल की तरुण मुलगी म्हणत असेल स्वतःचा राउटर आणा, आणि निवृत्त माणूस म्हणत असेल आहे ते ठीक आहे. इथे उलटं आहे.

मामा : कंपनीनं दिलेला डबा ओटीवर लटकतोय. माजघरात रेंज नाही, माडीवर तर नावसुद्धा दिसत नाही. मी माझ्या पैशानं चांगला राउटर आणणार, माझ्या हातानं लावणार. तुझं काय अडतंय?

भाची : माझं काही अडत नाही, मामा. तुमचं अडलं की तुम्ही मला फोन करता, तिथं माझं अडतं. दिवसभर लोकांची नेटवर्कं सांभाळायची आणि रात्री विरारला उतरून पुन्हा आगाशीची रिक्षा धरायची, हे मला नको. डबा कंपनीचा आहे, बिघडला तर कंपनी बघेल.

मामा : कंपनी काय बघते ते मी बघितलंय. पोरगा येतो, बटण बंद करतो, चालू करतो, ‘झालं काका’ म्हणतो आणि बाइकला किक मारतो.

भाची : आणि चालू होतं की नाही?

मामा : होतं.

भाची : मग?

इथे मामा गप्प बसले. ते गप्प बसले की हरले असं मात्र समजू नये. केबलचा जॉइंट मारणारा माणूस घाई करत नाही.

मधल्या वेळात डब्याबद्दल थोडं. आपण ज्याला सरसकट राउटर म्हणतो त्याच्या पोटात दोन वेगळी कामं चालतात. पहिलं काम प्रकाशाचं. काचेच्या तारेतून आलेला प्रकाश विजेच्या संकेतांत बदलायचा आणि घरातले संकेत पुन्हा प्रकाशात. हे करणाऱ्या भागाला ओएनटी म्हणतात. दुसरं काम वाटपाचं. कंपनीकडे युजरनेम-पासवर्ड देऊन जोडणी घ्यायची, घरातल्या प्रत्येक मोबाइलला पत्ता द्यायचा, वायफाय पसरायचं. राउटर खरा तो हा. कंपन्या दोन्ही एका डब्यात कोंबून देतात, म्हणून वाद सुरू होतो तेव्हा बोलणारे दोघं दोन वेगळ्या वस्तूंबद्दल बोलत असतात आणि कुणाला पत्ता नसतो.

मामा : मला दोन्ही माझं पाहिजे. ओएनटीसुद्धा बाजारात मिळतो. ‘एक्सपॉन’ लिहिलेला घेतला की जीपॉन आणि ईपॉन या फायबरच्या दोन्ही पद्धतींवर चालतो. जीपॉन असेल तर मागच्या स्टिकरवरचा सिरियल नंबर केबलवाल्याला द्यायचा, ईपॉन असेल तर मॅक नंबर. त्यानं तिकडे टाकला की झालं.

भाची : ओएनटीला हात लावायचा नाही. राउटरचं बोलू, पण ओएनटी कंपनीचाच राहील.

मामा : का? मला जॉइंट मारता येत नाही?

भाची : तुमच्या हाताबद्दल कोण बोलतंय? तुम्हीच सांगा, स्प्लिटरवर किती घरं असतात?

मामा : बत्तीस. कुठे चौसष्ट.

भाची : सगळ्यांची तार मागे एकच ना? खाली येताना १४९० नॅनोमीटरचा प्रकाश, तो सगळ्यांच्याच घरी येतो. प्रत्येक डबा त्यातलं आपलं उचलतो, दुसऱ्याचं कुलूपबंद असतं, ते ठीक. पण वर जाताना १३१० वर सगळ्यांनी पाळीनं बोलायचं. पाळी कोण ठरवतं? कंपनीच्या टोकाचं ओएलटी. उद्या तुमच्या स्वस्तातल्या ओएनटीचा लेझर बिघडला आणि पाळी सोडून सारखा पेटता राहिला, तर तुमच्याबरोबर अख्ख्या आळीचं नेट बसेल. आणि बिघाड कुठल्या घरात आहे ते शोधायला तो बाइकवाला पोरगा एकेक पिन काढत फिरेल.

मामांनी मान डोलावली. हा मुद्दा त्यांना तत्काळ पटला, कारण तांब्यातही एका घरातला ओला जॉइंट शेजारच्याच्या फोनवर खरखर आणायचा. वसईच्या खाऱ्या हवेत तांब्याला हिरवा गंज चढायला वेळ लागत नाही. काचेला गंज नाही, पण तिचे नखरे वेगळे. मामांनी मला ओटीवर नेऊन दाखवलं. भिंतीतून आलेली वायर खिडकीच्या चौकटीवर काटकोनात दुमडलेली होती. प्रकाश असं वळण घेत नाही, थोडा बाहेर सांडतो. टोकाला हिरवी पिन. हिरवी म्हणजे काचेचं टोक आठ अंशांत तिरपं घासलेलं, निळी म्हणजे सरळ. हिरवीत निळी बसते, बसल्यासारखी वाटतेही, पण दोन टोकांमध्ये फट राहते आणि प्रकाश गळतो. केबलवाल्याच्या पॉवर मीटरवर मायनस बावीस आलं तर तो खूश असतो. उणे सत्तावीसच्या खाली गेलं की डब्याला दिसेनासं होतं आणि लाल दिवा लुकलुकायला लागतो. इकडची मुलं त्याला ‘लॉस आला’ म्हणतात. मामांनी वायर सोडवून तिला रुंद वळण दिलं, पिनच्या टोकाला बोट लावलं नाही, आणि परत येऊन बसले.

मामा : बरं. ओएनटी त्यांचा. राउटर माझा.

भाची : हे आधी बोलला असतात तर चहा गरम प्यायला मिळाला असता. पण मामा, तुम्हाला राउटर कशाला पाहिजे? तुमच्या माडीवर रेंज नाही त्याला राउटर जबाबदार नाही, तुमच्या पणजोबांनी बांधलेल्या भिंती जबाबदार आहेत. हात-दीड हाताची दगडी भिंत. कितीही शिंगांचा राउटर ओटीवर लावा, माजघरात तो मुकाच होणार. ओटीवरून माडीपर्यंत कॅट-सिक्सची वायर ओढा आणि वर एक साधा ॲक्सेस पॉइंट लावा.

मामा : वायर मी ओढणारच आहे. तुला काय वाटलं, मी वायफायवर विश्वास ठेवणारा माणूस आहे?

(हे ऐकून मला हसू आलं. भाची हसली नाही.)

भाची : मग राउटर कशाला?

मामा : कारण त्या डब्याचं दार माझ्या हातात नाही. ॲडमिनचा पासवर्ड मागितला तर म्हणतात काकांना काय करायचाय. आत काय चाललंय ते मला दिसत नाही. कंपनीला मात्र तिकडे बसून दिसतं. आम्ही नोकरीला लागलो तेव्हा फोनसुद्धा खात्याचा असायचा. काळा, जड. ग्राहकानं स्वतःचा लावला तर आम्हीच काढायचो. मग १९८४ मध्ये सरकारनं घरात लागणारी फोनची उपकरणं बनवायला खासगी कारखान्यांना मोकळीक दिली आणि बटणांचे, रंगीत, मग कॉर्डलेस फोन आले. खात्याचं काही बुडालं का? उलट लोक जास्त बोलायला लागले. चाळीस वर्षांपूर्वी जे फोनचं झालं ते आज डब्याचं का नको?

भाची : मुद्दा बरोबर आहे आणि तो तुमच्याआधी अमेरिकेत टेक्सासच्या एका माणसानं मांडलाय. थॉमस कार्टर. वायरलेस सेट टेलिफोनला जोडणारं उपकरण त्यानं केलं, एटीअँडटी म्हणाली आमच्या लाइनला परकी वस्तू चालणार नाही. १९६८ मध्ये तिथल्या दूरसंचार आयोगानं कार्टरच्या बाजूनं निकाल दिला. पुढच्या दहा वर्षांत भिंतीवर ठरावीक सॉकेट आलं : सॉकेटपर्यंत कंपनी, पुढे ग्राहक. जर्मनीत तर १ ऑगस्ट २०१६ पासून कायदाच आहे. कंपनीचं जाळं भिंतीपाशी संपतं, पुढचा डबा कुणाचा हे ग्राहक ठरवणार, आणि जोडणीचा युजरनेम-पासवर्ड कंपनीनं न मागता, फुकट द्यायचा.

मामा : बघ! न मागता!

भाची : थांबा. त्याच जर्मनीत त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये डॉइच टेलिकॉमच्या सुमारे नऊ लाख ग्राहकांचं नेट एकाएकी कोलमडलं. दुरून दुरुस्ती करायला ठेवलेल्या दारातून मिराई नावाच्या किडीच्या एका पिलानं आत शिरायचा प्रयत्न केला.

मामा : कंपनीनं दिलेल्या डब्यांत?

भाची : कंपनीनं दिलेल्या डब्यांत.

मामा : मग हा माझा मुद्दा झाला. तू माझ्या बाजूनं का बोलतेस?

भाची : पुढचं ऐका. कंपनीनं लगेच नवीन सॉफ्टवेअर काढलं. लोकांना सांगितलं, डब्याची वायर काढा, परत लावा. बऱ्याच डब्यांनी सुरू होताना आपोआप नवीन सॉफ्टवेअर घेतलं. आता तुमचा बाजारातून आणलेला राउटर धरा. त्याच्यात भोक सापडलं तर कोण सांगणार? कोण बुजवणार? मूळ मिराईकडे ६२ युजरनेम-पासवर्डांची यादी होती, बस. ‘ॲडमिन, ॲडमिन’ असली. तेवढ्यावर तिनं लाखो कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेतले. त्यांतले कित्येक कुणीतरी हौसेनं विकत आणलेले, स्वतःच्या हातानं लावलेले.

हे मला दोघांच्याही बाजूचं वाटलं, आणि म्हणूनच वादातलं सगळ्यांत खरं. राउटर कुणाचाही असो, तो असुरक्षित होतो तो दुर्लक्षानं. कंपनी दुर्लक्ष करते तेव्हा ते लाखो घरांत एकदम होतं. आपण करतो तेव्हा एकाच घरात, पण वर्षानुवर्षं. मामांकडे वेळ आहे आणि वहीत टिपण ठेवायची सवय आहे. नालासोपाऱ्याहून पहाटेची गाडी पकडणाऱ्या माणसाकडे यातलं काहीच नाही. त्याला मी कंपनीचा डबा राहू दे असंच सांगेन, फक्त वायफायचा आणि चालत असेल तर ॲडमिनचा पासवर्ड बदल म्हणेन. एवढं केलं तरी बरंच झालं.

मामा : पासवर्ड मी बदलेन, अपडेट आपोआप होईल असं बटण असलेलाच घेईन. हा बघ, दुकानातून फोटो काढून आणलाय. बाराशे एमबीपीएस! आणि किंमतही बरी आहे.

भाची : (फोटो मोठा करून) बाराशे म्हणजे २.४ गिगाहर्ट्झवरचे तीनशे आणि ५ गिगाहर्ट्झवरचे आठशे सदुसष्ट यांची बेरीज करून वर गोल केलेला आकडा. आता खाली बारीक अक्षरात बघा. मागची पोर्टं १० आणि १०० ची. तुमचा प्लॅन दोनशेचा. दोनशे ओएनटीतून निघतील आणि या राउटरच्या दारात पंचाण्णवच्या आसपास अडकतील. ‘गिगाबिट पोर्ट’ लिहिलेला घ्या. आणि वायरीच्या क्लिपमध्ये आठही तारा नीट बसवा. एक सुटली तरी पुन्हा शंभरवर येऊ शकतं.

मामा : आठ तारा मला शिकवतेस? आम्ही शंभर-शंभर जोड्यांच्या केबली डोळे मिटून...

भाची : माहितीय, मामा, माहितीय.

इथून पुढे वाद पातळ झाला आणि काम सुरू झालं. भाची सांगत गेली, मामा लिहीत गेले. कंपनीला फोन करून ओएनटी ‘ब्रिज’मध्ये टाकून घ्यायचा, म्हणजे तो फक्त प्रकाशाचं काम करील. काही कंपन्या तिकडे बसून दोन मिनिटांत करून देतात, काही ठाम नाही म्हणतात. त्याआधी कंपनीच्या माणसाकडून ओएनटीचं वॅन पान उघडून घेऊन त्याचा मोबाइलवर फोटो काढायचा : व्हीलॅन नंबर, पीपीपीओईचा म्हणजे कंपनीच्या जोडणीचा युजरनेम, सगळं. पासवर्ड तिथे ठिपक्यांत असतो, तो मागूनच घ्यायचा. ओएनटीचं वायफाय बंद. त्याच्या लॅन एकमधून वायर राउटरच्या वॅनमध्ये. राउटरमध्ये पीपीपीओई निवडून युजरनेम टाकायचा. पीपीपीओई प्रत्येक पाकिटात आठ बाइट स्वतःसाठी ठेवतं, म्हणून एमटीयू, म्हणजे पाकिटाची कमाल लांबी, १५०० ऐवजी १४९२. राउटर बहुधा स्वतःच ते करतो, पण काही साइटी उघडतात आणि काही नुसत्या फिरत बसतात असं झालं तर आधी हेच बघायचं.

मामा : आणि कंपनी ब्रिज देत नाही म्हणाली तर?

भाची : तर हट्ट करायचा नाही. राउटर ॲक्सेस पॉइंट म्हणून लावायचा. पत्ते वाटायचं काम डब्याकडेच, राउटरनं नुसतं वायफाय पसरायचं. राउटर म्हणूनच चालवायचा असेल तर त्याचा पत्ता बदला. डबाही १९२.१६८.१.१ आणि राउटरही १९२.१६८.१.१ असं झालं की एका घरात दोन कर्ते. कुणाचंच कुणी ऐकत नाही.

मामा : वाडीतला कॅमेरा कॅनडातून लेकीला दिसेल ना? त्याला पोर्ट उघडावं लागतं म्हणे.

भाची : उघडू नका. उघडूनही बहुतेक उपयोग नाही. आयपीव्ही-फोरचे पत्ते जगात संपत आले, म्हणून कंपन्या एकाच पत्त्यामागे अनेक घरं ठेवतात. तुमच्या राउटरला बाहेरचा पत्ता शंभर डॉट चौसष्टनं सुरू होणारा दिसला तर समजा, तुम्ही रांगेत मागे आहात. बाहेरून कुणी थेट येऊच शकत नाही. आजकालचे कॅमेरे त्यांच्या कंपनीच्या सर्व्हरवरून दिसतात, ते चालेल.

मामा : आणि हा फोन? डब्याच्या मागे लावलाय तो ०२५० वाला?

भाची थोडी थांबली. फोनची गंमत अशी की तो राउटरवर नाही, ओएनटीच्या पोटातच चालतो. ब्रिज करताना आवाजाची जोडणी वेगळी ठेवली तर तो वाजत राहतो. घाईत कुणी ती पुसली तर मुका होतो, आणि आगाशीत कुणी लँडलाइनवर फोन करून बघत नसल्यानं महिनोन्‌महिने कळतसुद्धा नाही.

भाची : त्यांना स्पष्ट सांगा, व्हॉइस तशीच ठेवा. आणि करून झालं की मोबाइलवरून फोन लावून बघा. पण मामा, फोनचं निघालंच आहे तर एक विचारते. तुमच्या वेळी लाइट गेली की फोन बंद पडायचा?

मामा : कसा पडेल? एक्स्चेंजमधून ४८ व्होल्ट यायचे त्याच तारेतून. तिथे बॅटऱ्या, वर जनरेटर. गावात तीन दिवस काळोख असला तरी फोन चालू.

भाची : काचेतून वीज येत नाही. २०१८ च्या जुलैत वसई-नालासोपारा पाण्यात गेलं, लाइट नाही, गाड्या रुळांवर अडकलेल्या. समजा तेव्हा फायबर धड होतं आणि ओएलटी बॅटरीवर होतं. तरी तुमच्या ओटीवरचा डबा बंद म्हणजे सगळंच बंद. पूर्वी खातं तुम्हाला तारेबरोबर वीजही पुरवायचं. आता ती तुमची तुम्ही बघायची. स्वतःचा राउटर म्हणजे आता एकाऐवजी दोन डबे जागे ठेवायचे.

मामा : बारा व्होल्टचा छोटा यूपीएस मिळतो. ओएनटी बाराचा, राउटर बाराचा. दोन्हींचे ॲम्पिअर बघून घेतो. स्प्लिटरला तर वीज लागतच नाही.

भाची : ॲम्पिअर नक्की बघा. आणि चॅनल. माझ्याकडे ग्लोबल सिटीत वायफाय शोधलं की तीस-चाळीस नावं येतात, तिथं २.४ वर काही चालत नाही, मी सगळं ५ वर ठेवलंय. तुमच्याकडे वाडीत शेजारी केळी. केळीच्या पानांत पाणी, ५ तिथं जास्त मरतं. विहिरीजवळच्या कॅमेऱ्याला २.४ ठेवा, चॅनल एक, सहा किंवा अकरा.

मामांनी ते लिहून घेतलं. सिरियल नंबर आणि युजरनेम त्यांनी तिथल्या तिथे दुसऱ्या कागदावर उतरवले आणि कागद कपाटात गेला, डब्यावर चिकटवला नाही. भाचीनं ते बघितलं. तिच्या ऑफिसात असं करणारी माणसं फार नसावीत, असं तिच्या चेहऱ्यावरून वाटलं.

भाची : एक अट आहे. बिघडलं तर आधी मला फोन नाही. राउटर बाजूला काढायचा, ओएनटीच्या लॅन एकची तीच वायर सरळ लॅपटॉपला लावायची आणि लॅपटॉपवरूनच पीपीपीओई डायल करायचं. चाललं, तर दोष तुमच्या राउटरमध्ये. नाही चाललं, तर कंपनीला फोन, आणि ते ‘काका, तुमचा राउटर आहे, आम्ही बघणार नाही’ म्हणाले तर सांगायचं, राउटर काढून बघितलंय.

मामा : हे तर आमचं रोजचं. ग्राहकाची घरातली वायर सोडवायची आणि डीपीवर, म्हणजे बाहेरच्या जोडणीपेटीवर, टेस्ट फोन लावायचा. टोन आला तर दोष घरात.

भाची : मग झालं. लॅपटॉप तेवढा हाताशी ठेवा.

मामा : लॅपटॉप तू दिवाळीत नेलायस, अजून आणून दिलेला नाहीस.